वजन द्यायला चला

"ताई, गाडी खाली बसवायची म्हणजे काय करतात हे माहिती आहे ना तुम्हाला?" मिस्त्रीने विचारलं.

"माहिती नसतं तर तुझ्याकडे कशाला आले असते? चार बोटं खाली घे. पुढून आणि मागून सारखी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी खाली बसवून घ्यायला येतात ती नुकतं मिसरूड फुटलेली पोरं. गाडीचं पोट जमिनीला टेकलं आणि प्रत्येक गतिरोधकावर खर्रकन आवाज आला की त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. पन्नाशी उलटलेली, पडदे शिवणारी, गळ्यात टेप विसरून आलेली बाई, आणि तीही ही गोल टपाची, रुंद बुडाची जुनी गाडी घेऊन, हे काही त्याच्या डोक्यात बसेना.

"स्टाइल म्हणून करायचंय?"

"दारासाठी करायचंय," मी म्हटलं. मग त्याला सगळं सांगावं लागलं.

आमचे बाबा मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजायच्या, बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या मधोमध खुंटी ठोकायची, ही त्यांची जन्मभराची नोकरी. त्यांनी ठोकलेली खुंटी कोणी हलवली नाही. असा माणूस स्वतःच्या घराच्या गॅरेजच्या दाराची उंची चुकला. चुकला म्हटलेलं मात्र त्यांना शेवटपर्यंत खपलं नाही.

झालं असं की गाडी घेतली (म्हणजे कोणीतरी वापरून टाकलेली, आमच्याकडे नवीन आलेली) त्या दिवशी बाबांनी आम्हा सगळ्यांना फिरवून आणलं. परत आल्यावर फाटकात गाडी थांबवली, "कोणी उतरू नका" म्हणाले आणि टेप काढून जमिनीपासून टपापर्यंत उंची घेतली. त्यात नखभर मिळवून आकडा गवंड्याला दिला. दाराची तुळई ओतून झाली, वाळली, आणि एका सकाळी बाबा एकटेच गाडी आत घालायला गेले तर टप वर अडकला. आम्ही पाच जण आत बसलो की स्प्रिंगा दबायच्या. उतरलो की गाडी हुश्श करून तीन बोटं वर यायची.

"तुम्ही रिकाम्या गाडीचं माप घ्यायला हवं होतं," आई म्हणाली.

"का? गाडी घरी येते तेव्हा आपण आत असतोच ना? रिकामी गाडी आपली आपण घरी येते का?" हा बाबांचा सवाल.  

तुळई तोडावी तर वर दादाची खोली, तिचा सगळा भार तिच्यावर. खाली खणावं तर उंबऱ्यालगत पाण्याचा मोठा पाइप. टायरची हवा सोडून पाहिली. त्यात जेमतेम बोटभर मिळालं आणि रोज पंप मारून बाबांच्या तोंडाला फेस आला. सिमेंटची पोती आत ठेवून पाहिली. मागची सीट फाटली. आईने ती शिवली आणि सांगितलं, "पुन्हा पोतं आणलंत तर पोत्याशेजारी तुमचंही अंथरूण टाकीन." राहता राहिलो आम्ही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फाटकाशी हॉर्न वाजायचा आणि पाठोपाठ बाबांची हाक यायची, "चला, वजन द्यायला चला!" आई शेगडी बंद करून हात पुसत यायची. आजी "आले रे बाबा, आले" करत चष्मा शोधायची. मी वही तशीच टाकून पळायचे. आई पुढे, आजी मागे मधोमध, मी उजवीकडे आणि दादा डावीकडच्या खिडकीत. ती जागा त्याची ठरलेली, कारण त्याच्याकडे काम होतं. अर्धं अंग खिडकीबाहेर काढायचं, हात टपावर ठेवायचा आणि वर बघत ओरडायचं, "हळू… हळू… घासेल… आलं… गेलं!" बाबांचा आमच्यापैकी कोणावर विश्वास नव्हता, पण दादाच्या "गेलं"वर होता.

फाटकापासून गॅरेजपर्यंतचा हा आमचा रोजचा प्रवास. आत गेलं की भिंती इतक्या जवळ की एका वेळी एकच दार उघडायचं, मग एकेकाने उतरायचं, आजी सगळ्यात शेवटी. आणि बाहेर निघतानाही रिकामी गाडी घासणारच, म्हणून सकाळी पुन्हा सगळे बसायचो, फाटकापर्यंत जायचो आणि उतरून बाबांना निरोप द्यायचो. समोरचे शेजारी हसून हसून बेजार. "यांची गाडी यांना नेत नाही, हेच गाडीला नेतात," म्हणायचे. सगळ्यांनी सामोरं गेल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही म्हणून आजीने गाडीला नाव ठेवलं, आत्याबाई. दादा म्हणाला, हिला तर समोर चांदीच्या मिशा आहेत, मग काका का नाही? पण नाव आत्याबाईच राहिलं.

सगळ्यात मजा यायची भांडणं झाल्यावर. रुसायला कोणाची ना नव्हती, फक्त गाडीत बसून रुसावं लागायचं. दादा एकदा नापास झाला. बाबा नको ते बोलले. दोघांचं बोलणं बंद. पण संध्याकाळी हॉर्न वाजला की दादा तोंड फुगवून खाली यायचा, आपल्या जागी बसायचा आणि वर बघून म्हणायचा, "हळू… घासेल… गेलं." दिवसभरात बापाशी तेवढेच शब्द. असे किती दिवस गेले आठवत नाही, पण एका संध्याकाळी "गेलं" म्हटल्यावर बाबा म्हणाले, "जमलं बरं का," आणि दोघंही बोलायला लागले. आमच्या घरात अबोला कधी पिकला नाही, त्याचं श्रेय मी त्या दाराला देते.

आजी गेली त्यानंतर पहिल्यांदा गाडी आत घेतली तेव्हा टप करकरला. दादाचं "घासेल" तोंडातच राहिलं. तुळईवर फिकट हिरव्या रंगाचा ओरखडा उठला, तो आजही आहे. बाबा उतरले, ओरखड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे. माणसं कमी झाली." मग दादाने चार घास जास्त खाल्ले पाहिजेत असा घरात हुकूम निघाला, आणि दादानेही तो मनावर घेतला.

"अहो ताई, मग आता अडचण काय आहे?" मिस्त्रीने मध्येच विचारलं. त्याचा चहा निवला होता.

अडचण ही की बाबांना दवाखान्यात नेलं ते आत्याबाईतूनच. दादा नोकरीच्या गावी गेल्यापासून गाडी तो आला की निघायची, तेव्हाही तो आलेला होता. आम्ही सगळे बसलो, दादाने "गेलं" म्हटलं, गाडी बाहेर पडली. परत आलो तेव्हा बाबा नव्हते आणि गाडी दाराशी अडली. ती तिथेच सोडून आम्ही घरात गेलो. काही दिवसांनी दादा म्हणाला, "विकून टाकू. आता कोण बसणारे हिच्यात?" मी म्हटलं, "तुला घर रिकामं करायची फार घाई झालीये." उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यालाही काही कमी बोलता येत नाही. तो म्हणाला, "मग तूच सांभाळ. मला बोलावू नकोस." मी बोलावलं नाही. तो आला नाही. आईला फोन करतो, ती मला सांगते, मी ऐकलं नाही असं दाखवते. दोघंही मोडेन पण वाकणार नाही या जातीचे, आणि या वेळी हॉर्न वाजवायला कोणी उरलं नव्हतं.

गाडी ताडपत्रीखाली उन्हापावसात उभी राहिली. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, दर आठवड्याला येऊन इंजिन चालू करायचे, बाबांनी शिकवलंय तसं. पण दारांच्या खालच्या कडा गंजायला लागल्या. बोट लावलं की पापुद्रा निघायचा. बाबांची एकच वस्तू माझ्या डोळ्यांदेखत कुजत होती आणि तीन बोटांसाठी घोडं अडलं होतं. शेजाऱ्यांना एकदा बसवता येईल, पण काढ-घाल करायला रोज कोण येणार? म्हणून ठरवलं, दार खाली-वर होत नाही ना, मग गाडीच खाली घेऊ.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघू गं. एवढी काय घाई?"

"घाई? अगं, सडतेय ती."

"मग रविवारपर्यंत तरी थांब."

"रविवारी काय आहे?"

"काही नाही. रविवार आहे."

मला वाटलं, बाबांच्या मापाला हात लावायचा म्हणून तिला जड जातंय. मलाही जड जात होतं, पण म्हणून गंज थांबत नाही. मिस्त्री मोकळा होता, मी गाडी घेऊन आले.

मिस्त्रीने काम मन लावून केलं. तोंड मात्र सतत चालू. मागच्या बाजूला स्प्रिंग म्हणजे लोखंडी पट्ट्यांची थप्पी, ज्याला ते लोक पाटे म्हणतात. पाटे आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये त्याने लोखंडी ठोकळे बसवले आणि लांब बोल्टांनी आवळले, की टप तेवढाच खाली. पुढच्या गोल स्प्रिंगा बदलून आखूड बसवल्या. "पोरं गॅसने कापा म्हणतात," तो म्हणाला. "कापली की स्प्रिंगचा जीव जातो. मग गाडी बैलगाडीसारखी उडते. आत्याबाईंना असलं चालणार नाही." नाव त्याला फारच आवडलं होतं.

डावीकडचे पाटे काढून त्याने जमिनीवर उजव्यांशेजारी ठेवले तर ते चांगलेच जास्त वाकलेले दिसले.

"डाव्या बाजूला कोणी दणकट माणूस बसायचा का हो?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. "आणि नुसता बसायचा नाही, अर्धा बाहेर लटकायचा."

"लोखंडाने बरोबर लक्षात ठेवलंय बघा," मिस्त्री म्हणाला आणि पट्ट्या घासायला लागला. मी उगाच टेप उघडून मडगार्ड आणि टायरमधली जागा मोजली. ती मघाशीच मोजून झाली होती. दादाची आठवण आली की मला राग यायचा. त्या दिवशी राग यायला उशीर झाला.

शनिवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. टायर मडगार्डच्या जरा आत शिरलेले, म्हातारी बाई ऐसपैस मांडी घालून बसावी तशी ती दिसत होती. मी चालवत घरी आणली. फाटकाशी आल्यावर हॉर्न वाजवला. वाजवायचं कारण नव्हतं, हात गेला.

आई दारात आली. तिने बाहेरच्या चपला घातल्या होत्या, गुडघ्यावर हात टेकत ती पायऱ्या उतरली आणि गाडीच्या पुढच्या दारापाशी येऊन उभी राहिली.

"अगं, बसू नकोस. गरजच नाही आता. नुसती बघ," मी खिडकीतून म्हटलं आणि झोकात गाडी आत घेतली. रिकामी, सरळ, एका दमात. वर बोटभर जागा राहिली. बाबांची आत्याबाई इतक्या वर्षांनी एकटी घरात शिरली. मी खूश होऊन बाहेर आले, "बघितलंस?" म्हणायला.

आई फाटकातच उभी होती. दारासाठी पुढे केलेला हात तिने अजून खाली घेतला नव्हता.

"गरज सरो नि वैद्य मरो," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

"आई, काय झालं? घासली नाही गं कुठेच."

"ते कळतंय मला. डोळे आहेत." मग बराच वेळ तिने चपलेचा पट्टा सारखा केला. "उद्या दादा येतोय."

मी वळून गॅरेजकडे बघितलं.

"भेटायला ये म्हटलं की त्याचं काम निघतं. सणाला ये म्हटलं तरी काम. मग मी म्हटलं, गाडी सडतेय रे, आत घ्यायचीये. तुझी बहीण चालवेल, मी बसेन, समोरचे एक जण बसतील, तरी एक माणूस कमी पडतंय. लगेच म्हणाला, येतो. एका शब्दात म्हणाला." तिचा आवाज बारीक झाला. "आता काय सांगू त्याला? येऊ नको, जमलं आमचं आम्हाला?"

"मला आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम शुक्रवारीच आणली असतीस."

 जन्म दिलेल्या माणसापुढे नाटक चालत नाही. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिचा मुलगा घरी येण्याचं एकच कारण या जगात शिल्लक होतं, आणि ते मी चार बोटं खाली घेऊन मोडून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं. गॅरेजमध्ये आत्याबाई आरामात बसली होती, पण त्या क्षणी ती मला नजरेसमोर नको झाली.

रविवारी सकाळी उठून पहिलं काम केलं ते गाडी बाहेर काढायचं. मिस्त्रीला फोन केला तर वर्कशॉप बंद, आणि ठोकळे काढायला म्हणे पुन्हा दिवस जाणार. मग गाडी जुन्या जागी उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत ओढली. आई खिडकीतून बघत होती. 

दादा दुपारी आला. पोट सुटलंय, केस गेलेत. हातात छोटी पिशवी, म्हणजे संध्याकाळी परत जायचा बेत. आईच्या पाया पडला, माझ्याकडे बघून "काय गं" म्हणाला. मी "काही नाही" म्हटलं. चहा झाला. आईने त्याला त्याच्या मुलांचं विचारलं, माझ्या शिवणयंत्राचं त्याला सांगितलं, आणि आम्ही दोघं कपाकडे बघत राहिलो. कप रिकामा झाल्यावर तो पिशवी उचलून उठला. "चला, घेऊन टाकू आत."

अंगणात येऊन त्याने ताडपत्री स्वतःच ओढून काढली आणि थांबला. मी त्याचं तोंड बघत होते. लहानपणापासून त्या गाडीच्या टपावर हात ठेवलेला माणूस तो. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. मडगार्डमध्ये शिरलेल्या टायरकडे वाकून बघितलं. मग गॅरेजच्या तुळईकडे बघितलं, मग पुन्हा टपाकडे. बापाचीच नजर ती. तिला टेप लागत नाही.

"एक माणूस कमी पडतंय," मी म्हटलं. 

दादा माझ्याकडे बघत राहिला. आता हा म्हणणार, कशाला बोलावलं मला? आता म्हणणार, थट्टा लावलीये? मला सगळी वाक्यं ऐकू येत होती.

"दिसतंय," तो म्हणाला आणि डावीकडचं मागचं दार उघडून आत बसला.

आई पुढे बसली. तिने दार लावून घेतलं आणि हात मांडीवर ठेवले. मी इंजिन चालू केलं. गाडी डावीकडे किंचित कलली आणि दादाने काच खाली करून अर्धं अंग बाहेर काढलं. आता त्याला तेवढं सोपं राहिलं नव्हतं, दोनदा श्वास घ्यावा लागला. हात टपावर गेलेला मला आरशात दिसला. गाडी पुढे सरकली. तुळई जवळ आली. तिघांच्या वजनाने टप आणखी खाली गेलेला, वर अख्खा तळहात आरामात जाईल एवढी फट, आणि माझा दादा त्या फटीकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडायला लागला.

"हळू! हळू गं… घासेल… अजून हळू… घासेल…"

मी हळू केली. बाबांनीही कधी घेतली नसेल इतकी हळू. आजीच्या ओरखड्याखालून टप गेला तेव्हा त्याने हात वर करून ओरखड्याला लावला.

"आलं…" त्याचा आवाज फाटला. "गेलं."

"जमलं बरं का," मी म्हटलं. मला समोरचं काही दिसत नव्हतं, बरं की भिंतीशी कुठे थांबायचं ते कालच बघून ठेवलं होतं.

इंजिन बंद केलं. भिंती जवळ, दार एका वेळी एकच उघडायचं. कोणी उघडलं नाही. आई समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी साधेपणाने म्हणाली, "आत आली खरी. पण उद्या सकाळी बाहेर काढायलाही माणसं लागतीलच की रे."

 मागून पिशवी सीटवर ठेवल्याचं ऐकू आलं.

"लागतीलच," दादा म्हणाला. "थांबतो मी."